लीप वर्ष, दिनदर्शिका आणि कविता : मोजलेला काळ ओळीत कसा उतरतो?

शेषांक

काळावरच्या कविता वाचताना मला एक उणीव वारंवार जाणवते आणि तिच्याविषयी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे. काळ वाहतो, निसटतो, परत येत नाही, हे सांगणाऱ्या ओळी उदंड आहेत. परंतु काळ मोजला जातो, आणि मोजताना माणसाचे माप दर वेळी थोडे कमी किंवा थोडे जास्त पडते, या गोष्टीकडे कवी क्वचितच वळतात. 'दिवस गेले' असे म्हटले की नुसती हळहळ उरते. 'किती गेले' असे विचारले की त्या हळहळीला आकार येतो.

लीप वर्षाचेच पाहा. त्यावरच्या बहुतेक कविता २९ फेब्रुवारीला चार वर्षांनी मिळालेला जादा दिवस मानतात आणि मग त्या दिवशी काय काय करता येईल ते सांगत बसतात. मला मुळात ही कल्पनाच पटत नाही. ऋतुचक्राच्या हिशेबाने पृथ्वीची एक फेरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४५ सेकंदांत पुरी होते. आपण ३६५ दिवस भरले की वर्ष संपल्याचे जाहीर करतो, तेव्हा ऋतूंचे वर्ष संपायला अजून पावणेसहा तासांहून थोडा अधिक अवकाश असतो. दुसऱ्या वर्षी हे अंतर साडेअकरा तासांच्या पुढे जाते, तिसऱ्या वर्षी साडेसतरा तासांच्या जवळ येते आणि चौथ्या वर्षी जवळजवळ एक अख्खा दिवस थकतो. २९ फेब्रुवारी हा त्या थकबाकीचा भरणा आहे. त्यात बक्षिसाचा आनंद शोधणारी कविता मला उथळ वाटते, आणि त्यात देणे फेडल्याचे समाधान शोधणारी कविता मला हवी आहे. मी स्वतः या तीन ओव्यांपर्यंत पोचलो आहे :

पाव दिवसाची ती उधारी । वर्ष मिरवी आपुल्या शिरी ।
चौथ्या वर्षाचिया दारी । फेडीतसे ॥

पळे अठ्ठावीस अधिक गेली । शतकाअंती ती ध्यानी आली ।
मग तारीख एक गाळिली । हिशेबासाठी ॥

ऐसे आकाशाचे देणे । फिटे ना कोण्या मापाने ।
तरी मोजावे मनुष्याने । जागत राहुनी ॥

दुसऱ्या ओवीतला आकडा यमकासाठी आलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. पाव दिवस म्हणजे पुरते सहा तास. खरी बाकी त्याहून सुमारे सव्वाअकरा मिनिटांनी कमी. एक पळ २४ सेकंदांचे, म्हणून ही सव्वाअकरा मिनिटे अठ्ठावीस पळांच्या आसपास भरतात. दर वर्षी एवढे जास्त दिले, तर १२८ वर्षांत एक पूर्ण दिवस जास्त दिला जातो. दर चौथे वर्ष लीप धरणाऱ्या जुन्या ज्युलियन पंचांगात हे शतकानुशतके साचत गेले आणि १५८२ साली ग्रेगरी पोपच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. त्यानंतरचा नियम असा की शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच ते लीप धरायचे. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते, आणि २१०० नसेल.

कवितेला अशा तपशिलांचा जाच होतो असे म्हणणाऱ्यांसाठी एकच दृश्य देतो. रविवारपासून आठवडा मांडणाऱ्या दिनदर्शिकेत २०२६ सालचा फेब्रुवारी काढून पाहावा. १ तारीख रविवारी, २८ शनिवारी. चार ओळी काठोकाठ भरलेल्या, एकही चौकोन रिकामा नाही. आता २०३२ सालचा फेब्रुवारी काढावा. त्याच चार ओळी तशाच भरलेल्या, आणि खाली पाचव्या ओळीत, डाव्या टोकाला, २९ हा आकडा एकटा. त्याच्या उजवीकडे सहा रिकाम्या चौकटी. हे दृश्य कोणत्याही कवीने कल्पनेने रचलेले नाही, भागाकाराने रचलेले आहे. मला त्यात एक पूर्ण कविता दिसते आणि ती अजून कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे गणित आणि पद्य यांचा संसार जुना आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत स्वतःचे जन्मवर्ष 'रसगुणपूर्णमही' अशा शब्दांत सांगितले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे शके १०३६, इसवी सन १११४. त्याच श्लोकात पुढे ते सांगतात की रसगुण वर्षांचा असताना, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, मी हा ग्रंथ रचला. जन्मशकाचे शेवटचे दोन आकडे आणि ग्रंथरचनेच्या वेळचे वय एकच निघाले, आणि त्या माणसाने तेच दोन शब्द दोन्ही ठिकाणी योजून त्या योगायोगाला श्लोकात कायमची जागा दिली. तारीख सांगणारी ओळ इतकी सुंदर असू शकते, तर तारखेविषयीची कविता कोरडी होण्याचे कारण काय?

आपल्या वाचनातल्या किंवा स्वतः लिहिलेल्या अशा कवितांविषयी येथे जरूर लिहावे.

पूर्वसंध्या

विषय फार आवडला, पण आपल्या भूमिकेशी मी पूर्णपणे सहमत नाही. कवितेने हिशेब बरोबर ठेवावा ही अपेक्षा रास्त आहे. तो हिशेबच कवितेचा गाभा व्हावा ही अपेक्षा मात्र जड वाटते. आपल्या तीन ओव्यांत मला शेवटची सर्वांत जवळची वाटली, कारण तिथे 'जागत राहुनी' हे दोन शब्द आहेत. पहिल्या दोन ओव्या मला समजल्या. तिसरी मला भिडली. माणूस आकाशाकडे पाहत जागा राहतो, माप अपुरे पडणार हे ठाऊक असूनही मोजत राहतो, ही भावना आहे आणि ती आकड्यांच्या मागे उभी आहे. तिला पुढे यायला दोन ओव्या थांबावे लागले.

कवी आणि पंचांग यांचा प्रत्यक्ष संबंध कुठे आला याचा विचार करताना मला फ्रेंच राज्यक्रांतीतले पंचांग आठवते. १७९३ साली स्वीकारलेल्या त्या पंचांगातल्या महिन्यांना नावे देण्याचे काम फाब्र देग्लांतिन या कवी-नाटककाराकडे आले. त्याने प्रत्येक ऋतूच्या तीन महिन्यांना एकच अंत्यध्वनी दिला, म्हणजे वर्षाची बारा नावे लागोपाठ म्हटली की चार कडव्यांसारखी ऐकू येतात. धुक्याचा महिना, बर्फाचा महिना, अंकुरांचा महिना, फुलांचा महिना, असे ते वर्ष होते. प्रत्येक दिवसाला संताऐवजी एखाद्या वनस्पतीचे, प्राण्याचे किंवा अवजाराचे नाव होते. पंचांगाला कवितेच्या इतके जवळ नेणारा दुसरा प्रयत्न मला माहीत नाही.

पुढे जे घडले ते सांगताना आजही हात थबकतो. ५ एप्रिल १७९४ रोजी क्रांतीतला नेता दांतों याच्या गटाबरोबर फाब्रलाही गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, नेण्यात आले. नव्या पंचांगाप्रमाणे तो दिवस होता अंकुरांच्या महिन्यातला सोळावा. ज्या महिन्याला त्याने स्वतः नाव दिले, त्याच महिन्याची तारीख त्याच्या मृत्यूपुढे लागली. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते पंचांगही बंद केले. आता या घटनेवर कविता लिहायची तर आकडे लागतीलच, हे मी मान्य करते. पण वाचकाच्या घशात हुंदका येतो तो 'अंकुर' या शब्दामुळे. सोळा हा आकडा तिथे नुसता सोबतीला उभा असतो.

घटिकापात्र

शेषांक, आपण २९ फेब्रुवारीला थकबाकीचा भरणा म्हणता. मला दुसरी प्रतिमा अधिक नेमकी वाटते. कोणताही तास नोंदवायचा राहून गेलेला नसतो; चारही वर्षांतला प्रत्येक दिवस आपण जगतो आणि त्या दिवशीच त्याला तारीख देतो. घडते ते असे की तारखा ऋतूंच्या पुढे निघून जातात. मग दिनदर्शिका एक दिवस थांबते आणि मागून येणाऱ्या पृथ्वीला गाठू देते. म्हणजे २९ फेब्रुवारी हा वाट पाहण्याचा दिवस आहे. देणे फेडणारी कविता आणि वाट पाहणारी कविता यांचा सूर अगदी वेगळा लागेल; पहिलीत कर्तव्य येईल, दुसरीत जिव्हाळा.

या कल्पनेला इतिहासातूनही आधार मिळतो. ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ४६ मध्ये पंचांग दुरुस्त करायला घेतले तेव्हा ते ऋतूंपासून इतके ढळले होते की ते एक वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. त्यानंतरच्या रचनेत लीप दिवसाला स्वतःचा आकडाच नव्हता. रोमन लोक मार्चच्या पहिल्या तारखेपासून मागे मोजत, आणि आपण ज्याला २४ फेब्रुवारी म्हणतो तो दिवस लीप वर्षात ते दोनदा मोजत. आज मावळला, आणि उद्या पुन्हा तीच तारीख! सुधारणा झाल्यावर काही वर्षे पुरोहितांनी चौथ्याऐवजी दर तिसऱ्या वर्षी हा दिवस घातला, आणि ती गडबड निस्तरण्यासाठी ऑगस्टसला काही लीप दिवस वगळावे लागले.

तीच तारीख दुसऱ्या दिवशी पुन्हा उजाडणे ही कल्पना मला एकट्या पडलेल्या २९ पेक्षाही कवितेला अधिक जवळची वाटते. काल जे बोलायचे राहिले ते बोलण्यासाठी कालचीच तारीख पुन्हा मिळाली, तर माणूस बोलेल का? मी यावर चार ओळी लिहून पाहिल्या, परंतु त्या प्रश्नाच्या पुढे जात नाहीत, म्हणून येथे देत नाही.

आणखी एक बाब नोंदवतो. २९ फेब्रुवारी १८९६ रोजी जन्मलेल्या बाळाला स्वतःची तारीख पहिल्यांदा दिसली ती १९०४ साली, आठव्या वर्षी, कारण मधले १९०० लीप नव्हते. २०९६ साली जन्मणाऱ्यांच्याही वाट्याला हेच येणार आहे. वाढदिवस चार वर्षांनी येतो या गमतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या आठ वर्षांच्या पोकळीवर कोणीतरी गंभीरपणे लिहावे असे मला मनापासून वाटते.

शेषांक

घटिकापात्र, आपली 'वाट पाहण्याची' प्रतिमा मोलाची आहे. तारखेच्या बाजूने पाहिले तर थांबणे दिसते आणि वर्षाच्या बाजूने पाहिले तर देणे दिसते. मी वर्षाच्या बाजूनेच पाहत राहीन, कारण मला त्यातला काटेकोरपणा हवा आहे. मात्र आपल्या त्या चार ओळी प्रश्नापाशी थांबत असतील, तर त्या तिथेच थांबू द्याव्यात आणि येथे द्याव्यात, ही विनंती.

पूर्वसंध्या, फाब्रविषयी आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ स्तब्ध होतो. 'अंकुर' हा शब्द हुंदका आणतो हे खरे. तरी सोळा हा आकडा काढून 'अंकुरांच्या महिन्यात एके दिवशी' असे म्हणून पाहावे. ओळ तत्काळ सैल पडते. शोकाला तारीख लागते.

मंदाक्रान्ता

आतापर्यंतची चर्चा सौर वर्षाभोवती फिरली आहे. मला तिथींकडे लक्ष वेधायचे आहे, कारण माझ्या मते मोजमाप आणि जगणे यांच्यातली फट तिथे सर्वांत जवळून दिसते.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आत-बाहेर आटोपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल तिचे नाव त्या दिवसाला मिळते. एखादी तिथी सूर्योदयानंतर थोड्या वेळाने सुरू होऊन पुढच्या सूर्योदयापूर्वीच संपली, तर तिला एकही सूर्योदय मिळत नाही आणि ती क्षयतिथी ठरते. बारा चांद्रमासांत ३६० तिथी असतात आणि दिवस मात्र सुमारे ३५४. वृद्धितिथी, म्हणजे दोन सूर्योदय मिळालेल्या तिथी, वजा जाता सहाएक तिथींना दर वर्षी दिवसाचे नाव सोडावे लागते.

क्षयतिथी म्हणजे निसटून गेलेली, घडलीच नाही अशी तिथी, असा समज सर्रास आढळतो आणि कवितेतही तो तसाच उतरतो. प्रत्यक्षात ती जवळजवळ पूर्ण दिवस आणि बहुतेक सगळी रात्र हजर असते. फक्त नाव देण्याच्या घटकेला ती तिथे नसते. या एका गोष्टीने मला फार दिवस छळले होते आणि त्यातून ही कविता झाली :

सूर्य उगवला तेव्हा तू नव्हतीस.
तो हातभर वर आला आणि तू आलीस.
दुपारभर होतीस,
संध्याकाळी होतीस,
रात्रभर दिव्याजवळ बसून होतीस.
पुन्हा सूर्य उगवण्याआधी
दार न वाजवता निघून गेलीस.

दिवसाला नाव द्यायची वेळ आली
तेव्हा हजेरी
पहाटेचीच धरली गेली.

मी जाणीवपूर्वक मुक्तछंद निवडला, कारण क्षयतिथीला मात्रांच्या चौकटीत बसवणे मला तिच्यावर पुन्हा तोच अन्याय करण्यासारखे वाटले. 'तू' कोण हे मी कवितेत सांगितलेले नाही आणि येथेही सांगणार नाही.

पूर्वसंध्या

मंदाक्रान्ता, फार सुंदर. 'रात्रभर दिव्याजवळ बसून होतीस' या ओळीनंतर ती तिथी राहत नाही, माणूस होते. आणि तरीही गणित कुठेही मोडत नाही. शेषांक ज्या कवितेची मागणी करत आहेत आणि मी जिच्यासाठी भांडत आहे, त्या दोन्ही या दहा ओळींत एकत्र आलेल्या आहेत.

एकच सूचना करू का? 'पहाटेचीच' या ठिकाणी 'सूर्योदयाची' हवे होते असे वाटते. पहाट सूर्योदयाच्या आधीची, आणि त्या पहाटे तर ती अजून आलेलीच नव्हती. नियम सूर्य क्षितिजावर येण्याच्या क्षणाचा आहे.

मंदाक्रान्ता

सूचना विचारात घेतली. 'सूर्योदयाची' या शब्दाने ओळ जड होते आणि पहिल्या ओळीतला 'सूर्य उगवला' पुन्हा आल्यासारखा वाटतो. 'हजेरी सकाळीच घेतली गेली' असे करून पाहते. त्यात क्षणाचा नेमकेपणा थोडा कमी होतो, पण पहाटेचा घोटाळा राहत नाही.

वामगती

मोजणारा आणि लिहिणारा एकच असेल तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण या चर्चेत अजून आलेले नाही. फारसी कवी आणि गणिती उमर खय्याम. मलिकशाह या सेल्जुक सुलतानाने पंचांग सुधारण्यासाठी ज्योतिर्विदांना एकत्र आणले, त्यांत खय्याम होता, आणि त्यांच्या कामातून १०७९ साली जलाली पंचांग अमलात आले. त्यात वर्षारंभ वसंतसंपाताशी, म्हणजे वसंतात दिवस आणि रात्र समान होतात त्या क्षणाशी, बांधलेला होता. इराणच्या आजच्या सौर पंचांगाची परंपरा त्याच्यापर्यंत मागे जाते. त्यातला लीप दिवस शेवटच्या महिन्याला जोडला जातो, म्हणजे हिशेबाची पूर्तता वर्षाच्या अगदी उंबरठ्यावर होते. भारताच्या राष्ट्रीय सौर पंचांगात याच्या उलट व्यवस्था आहे : २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, ते लागू झाले, आणि त्यातला लीप दिवस पहिल्याच महिन्याला मिळून चैत्र तीसऐवजी एकतीस दिवसांचा होतो. फेब्रुवारीला हा मान मिळाला तो रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असे म्हणून. तेव्हा फेब्रुवारी हेच वर्षाचे शेपूट होते.

खय्यामच्या नावावर असलेल्या रुबायांपैकी, म्हणजे चार ओळींच्या कवितांपैकी, त्याच्या स्वतःच्या किती, हा वाद अभ्यासकांत चालत आला आहे, आणि त्या वादात मी शिरत नाही. फिट्झजेराल्डने इंग्रजीत आणलेल्या रुबायांत मात्र एक अशी आहे की या धाग्यावर तिचा उल्लेख टाळणे अशक्य आहे. लोक म्हणतात की माझ्या गणिताने वर्ष अधिक नेमके झाले. छे, मी तर दिनदर्शिकेतून फक्त न जन्मलेला उद्या आणि मेलेला काल एवढेच खोडले, असा तिचा आशय आहे. वर्षाची लांबी मोजण्यात आयुष्याचा एक भाग घालवलेल्या माणसाच्या तोंडी ही ओळ येते, म्हणून तिला वजन आहे. न मोजणाऱ्याने 'आजचा दिवस जगा' म्हटले तर तो सल्ला होतो. मोजून थकलेल्याने म्हटले तर तो निष्कर्ष होतो.

शेषांक यांच्या मुद्द्याला मी येथून एक पुस्ती जोडू इच्छितो. कवीने हिशेब केलेला असावा, पण कवितेत तो सगळा दाखवण्याची गरज नाही. फिट्झजेराल्डच्या त्या रुबाईत एकही आकडा नाही.

घटिकापात्र

वामगती यांच्या पुस्तीला माझे अनुमोदन. आकडे कवितेच्या आत न दिसता तिच्या बांधणीत असू शकतात, याचेही उदाहरण आहे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या १५९५ साली छापलेल्या विवाहगीतात २४ कडवी आहेत आणि लांब ओळी ३६५ आहेत. एका दिवसाचे तास आणि एका वर्षाचे दिवस त्याने एकाच कवितेत विणले आणि त्याविषयी कुठे वाच्यता केली नाही; विसाव्या शतकात अभ्यासकांनी ओळी मोजल्या तेव्हा ते उघड झाले. सामान्य वाचकाला एका लग्नाच्या दिवसाचे वर्णन तेवढे जाणवते, आणि ते पुरेसेही आहे.

उलट रोमन कवी ऑव्हिडचे पाहा. रोमन पंचांगावर महिन्याला एक सर्ग या हिशेबाने त्याने काव्य योजले. आज आपल्याकडे जानेवारी ते जून असे सहा सर्ग आहेत. इसवी सन ८ मध्ये त्याला काळ्या समुद्राकाठी हद्दपार करण्यात आले. अर्धेच वर्ष असलेले ते काव्य वाचताना जुलै न येण्याची जाणीव पानोपानी सोबत असते. आकारच बोलतो, कवीला बोलावे लागत नाही.

उत्तरायण

मी गेल्या काही दिवसांपासून हा धागा शांतपणे वाचत होते. घटिकापात्र यांनी आकाराचा मुद्दा काढला म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

उत्तर भारतीय भाषांत बारहमासा नावाचा काव्यप्रकार आहे. विरहिणी महिन्यामागून महिना मोजते, प्रत्येक महिन्याला एक कडवे, आणि वर्ष सरते. जायसीच्या पद्मावतात नागमतीचा बारहमासा प्रसिद्ध आहे. मला नेहमी प्रश्न पडत असे की अधिक महिना आला तर ती काय करत असेल? बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून १९ वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्य एकही राशी ओलांडत नाही, म्हणजे संक्रांत होत नाही, तो अधिक. आणि त्याला स्वतःचे नाव नसते, पुढच्या महिन्याचे नाव तो लावतो. वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या वर्षात एक महिना वाढतो आणि त्या महिन्याला नावसुद्धा नसते, हे मला असह्य वाटले. म्हणून हे तेरावे कडवे, अष्टाक्षरीत :

बारा मास मोजुनिया
वाट संपेना अजुनी,
तेराव्याला नाव नाही
आला उसने घेउनी.

पुढच्याचे नाव त्याचे
मागच्याचे ओझे पाठी,
संक्रांतीही न भेटता
गेला चंद्राच्याच साठी.

तुझे येणे लांबले ते
त्याच्या माथी मी मारिले,
दोष नव्हता तयाचा,
सूर्य चंद्र न जुळले.

शेषांक

उत्तरायण, आपण यापुढे शांत राहू नये एवढीच विनंती. 'सूर्य चंद्र न जुळले' ही ओळ अधिक मासाची शास्त्रीय व्याख्या आहे आणि त्याच वेळी दोन माणसांची कहाणी आहे. यात एक शब्द हलवता येणार नाही. 'मागच्याचे ओझे पाठी' हेही हिशेबाने पक्के आहे, कारण मागल्या दोन-अडीच वर्षांत साचलेले अंतरच तो महिना वाहून नेतो.

दुसऱ्या कडव्यातल्या 'गेला चंद्राच्याच साठी' याबद्दल मात्र शंका आहे. अधिक मास घातला जातो तो चांद्रवर्षाने सूर्याची साथ सोडू नये म्हणून. त्या अर्थी तो सूर्यासाठी खर्ची पडतो, चंद्रासाठी नव्हे.

उत्तरायण

तो महिना येतो सूर्यासाठी, हे खरे आहे. पण तो जगतो अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, चंद्राच्याच मापाने, आणि सूर्याची संक्रांत त्याच्या वाट्याला येत नाही. ज्याच्यासाठी आला त्याची भेट नाही, आणि आयुष्य गेले ते दुसऱ्याच्या चालीने, असे मला म्हणायचे होते. ते 'साठी' या शब्दात पुरेसे उतरत नसेल, तर 'गेला चंद्राचिया काठी' असा पर्याय माझ्या वहीत आहे. त्यात अमावास्येची कड सुचते आणि यमकही टिकते.

वामगती

'काठी' अधिक चांगले. 'साठी' हेतू सांगते, 'काठी' जागा सांगते, आणि या कडव्याला जागाच हवी आहे.

मंदाक्रान्ता

'काठी'ला माझेही मत.

एक लहानशी भर घालते. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यात होणारा फरक सावरण्यासाठी १९७२ पासून आतापर्यंत २७ वेळा घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ रोजी. जागतिक प्रमाणवेळेच्या त्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर '६०' असा जादा सेकंद मोजला गेला आणि मगच नवे वर्ष लागले. २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवण्याचे २०२२ साली ठरले आहे. तेव्हा त्या एकसष्ट सेकंदांच्या मिनिटावर ज्यांना लिहायचे असेल त्यांनी ते वापरात असतानाच लिहावे. मी हायकूचा विचार करत आहे, कारण विषय एका सेकंदाचा आहे. परंतु सतरा अक्षरे म्हणायला तीन-चार सेकंद लागतात, आणि एका सेकंदात संपणारी ओळ मला अजून सापडलेली नाही.

घटिकापात्र

शेषांक यांच्या आग्रहाखातर त्या चार ओळी देतो. २४ फेब्रुवारी दोनदा मोजणाऱ्या रोमन माणसाच्या आहेत :

काल हीच तारीख होती,
काल तू दारात होतीस.
आज पुन्हा तीच तारीख आहे.
दारापर्यंत जाऊ का?

पूर्वसंध्या

यात एक अक्षरही वाढवू नये.